‘कुणाच्याही मदतीशिवाय’ म्हणे!

आज तालुक्याला माझा सत्कार होता. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर झालं आणि मग निवेदकाने माइकवरून सांगितलं, "मुंबईची नोकरी सोडून, कुणाच्याही मदतीशिवाय ताईंनी कोकमाचा व्यवसाय उभा केला." समोरच आमची काकी बसलेली. आणि टाळ्याही तीच सगळ्यांत जोरात वाजवतेय! डोकंच फिरलं माझं.

पहिली गोष्ट, नोकरी सोडली नाही, गेली. अख्खा अकाउंट्स विभाग एका दुपारी बंद. सासरी वेंगुर्ल्याला आले तेव्हा मला टॅली येत होतं, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडता येत नव्हते. काकीने पडवीत बसवून शिकवलं. बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी पुटावर पुटं चढली की झाली सोलं.

आणि २०२५ चा मे आठवतोय ना? एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मान्सून २५ मेलाच कोकणात, त्याआधीपासून अवकाळीने झोडपलेलं वेगळंच. मी पीएमएफएमईचे, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेचे, कागद घेऊन बँकेत. (३५ टक्के अनुदान होतं, पण साहेबांना रोज एक नवा कागद आठवायचा.) इकडे गच्चीवर सोलं वाळत पडलेली. काकीने हाळी दिली, "अगो, पाऊस इलो, ताटां उचला!" मी घरी पोचले तर माझी सोलं वाडीभर. कुणाच्या पडवीत, कुणाच्या चुलीवरच्या माळ्यावर, एकीच्या तर पलंगावर, नव्या चादरीवर. तिचे लाल डाग अजून गेलेले नाहीत. माझा तो हंगाम त्या बायकांनी वाचवला. आणि हा म्हणतो कुणाच्याही मदतीशिवाय!

ऑफिसच्या ग्रुपवर "काही लागलं तर हक्काने सांग" म्हणणारे होते की. सांगितलं. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही.

हो, "मुंबयत जमला नाय म्हणान इली" हेही याच वाडीत ऐकलंय. चौकशाही फार. मान्य. पण मी रोपं आणायला निघाले तेव्हा अडवलं ते वाडीतल्याच भाऊंनी. बियांपासूनची निम्मी झाडं नर निघतात, फळ धरत नाहीत. सात-आठ वर्षं वाट बघून हातात काय, पाला? दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ची कलमं लाव म्हणाले, खड्डेही स्वतः दाखवून दिले.

आपल्याकडे लावणीला माणसं लागतात, गणपतीत आरतीला लागतात, घर शाकारायला लागतात. मग धंदा तेवढा एकट्याने केला की मोठेपणा? कुठून आलं हे खूळ?

काकी मजुरी घेत नाही. विषय काढला की तोंड फिरवते. म्हणून बचत गटाची वही आता मी लिहिते, बँकेत तिच्याबरोबर मी जाते. तेवढं तरी घेते ती माझ्याकडून.

उद्या गटाची बैठक आहे, नवी लेबलं छापायचीत. माझं नाव काढून गटाचं टाका, असं सांगणार आहे. भांडण होणार, कारण बाटलीवर सुनेचं नाव आहे हे काकी आठवडी बाजारात दुकानदाराला दाखवून आलीय.