उलट फिरवा ना जी

परवा शनिवारी इतवारीत, लोहाओळीजवळच्या एका लेथच्या दुकानात, कुरडयांच्या सोऱ्यापुढे माझा नंबर मागे गेला. तेव्हापासून जे डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही, आणि त्याचा नागपूरच्या मे महिन्याशी काही संबंध नाही. बरं, थोडा असेल.

माझ्याकडे बाबांची 1967ची बुलेट आहे. उजव्या बाजूचं टायमिंगचं झाकण उघडून आतलं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, बाहेर काढायचं, एवढंच काम. यात गाडीचा त्रास चार आणे, बाकी बारा आणे हत्यारांचा. या गाडीचे जुने नट आपल्या घरातल्या पान्यांना ओळखच देत नाहीत. 13 नंबरचा पाना चढत नाही. 14 नंबरचा चढतो, गरकन फिरतो आणि नटाचे कोपरे गोल करून परत येतो. कारण नट आहे 13.34 मिलिमीटरचा. व्हिटवर्थ नावाच्या साहेबाने 1841 साली विलायतेत आट्यांची मापं ठरवून दिली, त्याचे भोग मी नंदनवनात भोगतोय. वर त्याच्या पान्यावर आकडा लिहिलेला असतो तो पान्याच्या तोंडाचा नाही, बोल्टच्या जाडीचा. म्हणजे 1/4 लिहिलेल्या पान्याला पट्टी लावली की तोंड अर्ध्या इंचाहून मोठं भरतं. चपलेवर पायाचं माप न लिहिता पायाच्या अंगठ्याचं लिहावं, तसं.

लोहाओळीत एका दुकानात विचारलं, "व्हिटवर्थ आहे का?"

"ते कंपनी बंद झाली भाऊ. दुसऱ्या कंपनीचा देऊ?"

पिनियन ओढून काढायला पुलर लागतो. बाजारातल्या पुलरचे पाय जाड, ते पिनियनच्या मागे शिरतच नाहीत. म्हणून करून घ्यायचा ठरवला. तर प्रत्येक लेथवाल्याचं एकच म्हणणं: सॅम्पल आणा. आता पुलरचं सॅम्पल असतं तर मी पुलर कशाला करून घेतला असता? बरं, पिनियनच आणा. पिनियन पुलरशिवाय निघत नाही. मग गाडीच आणा. गाडीचं अर्धं इंजिन पोर्चमध्ये ताटात पडलंय. (ताट स्टीलचं, घरातलं. त्यावरून झालेलं बोलणं इथे देत नाही.) शेवटी पुठ्ठा कापून माप दिलं, तेव्हा एकाने साध्या लोखंडाचा पुलर बनवून दिला. पहिल्या जोरातच त्याचे पाय फाकले, चिखलात घसरलेल्या बैलासारखे. साधं लोखंड चालत नाही, ईएन-8 नावाचं पोलाद पाहिजे, त्याला नीट पाणी पाजायला पाहिजे, हे ज्ञान मला 600 रुपयांना पडलं.

तर परवा दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. हा समजूतदार निघाला. पुठ्ठा बघून मान हलवली, ईएन-8चा तुकडा काढला, चकमध्ये धरला. आणि तेवढ्यात काका आले.

पांढरा पायजमा, डोक्याला ओला दुपट्टा, गालात खर्रा, काखेत पितळी सोऱ्या. वय असेल सत्तर-पंचाहत्तर. आल्या आल्या सोऱ्या माझ्या पुठ्ठ्यावर ठेवला.

"मिस्त्री, याची चुडी गेली. दट्ट्या खाली जातच नाई. काकूचा चीक शिजून राहिला." (चुडी म्हणजे आटे.)

मिस्त्रीने माझा तुकडा चकमधून काढला. विचारलं नाही, सांगितलं नाही, काढला.

"अहो, माझं काम..."

"भाऊ, चीक थंडा झाला तं कुरडई पडत नाई," मिस्त्री म्हणाला. यावर काय बोलणार? माझी गाडी दोन वर्षं उघडी आहे. तिचा चीक कधीच थंड झालाय.

काका स्टुलावर बसले. माझा स्टूल तो. मग त्यांनी माझ्याकडे, तेलकट पिशवीकडे आणि परत माझ्याकडे पाहिलं.

"काय खोलून राहिले?"

"बुलेट. टायमिंगचं पिनियन काढायचंय काका, त्याला पुलर करतोय."

"पिनियनच्या पुढचा नट निघाला काय?"

आता खरं सांगायला हवं होतं असं नाही. पण उन्हात माणूस खरं बोलून जातो. नट निघाला नव्हता. तीन संध्याकाळ त्याच्याशी झुंजत होतो. डिझेल सोडलं, गरम केला, पान्याला दोन फुटी पाइप लावून लोंबकळलो. म्हटलं नट आज ना उद्या निघेलच, तोवर पुलर तयार असावा.

"बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी," काका दुकानाला उद्देशून म्हणाले. "कोण्या बाजूनं फिरवला?"

"खोलतात त्याच बाजूने."

काकांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. सावकाश. मालगाडीचं शंटिंग व्हावं तसं.

"उलट फिरवा ना जी."

"काय?"

"लेफ्ट चुडी आहे त्याले. तीन दिवसांपासून तुम्ही कसून राहिले तो नट."

दुकानात चार माणसं होती. एक चहावाला पोरगा धरून पाच. पाचही हसले. पोरगा जास्त हसला.

काकांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. सोऱ्याचा दांडा हातात घेऊन त्यांनी शिकवणी सुरू केली. त्या बाजूने पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या काट्यासारखं फिरते. तेलाचे पंप त्याच नटावर चालते, म्हणून ते नटाले मागे धरून ठेवते. सरळ चुडी असती तर नट चालता चालता आपोआप खुलून पडला असता. "सायकलचं डावं पायडल कधी खोललं नाई काय?"

खोललं होतं. सातवीत. तेव्हाही सुलट फिरवत बसलो होतो.

"शिक्षण काय झालं?"

"इंजिनिअर आहे."

"सिविल?" हे त्यांनी इतक्या मायेने विचारलं की मला पळायला वाट करून देताहेत हे स्पष्ट कळलं.

"मेकॅनिकल."

मिस्त्रीने लेथ बंद केलं. आटे पाडून झाले होते म्हणून केलं असेल, पण ती शांतता मला अजून ऐकू येते.

आता रागाचं सांगतो. चार वर्षं कॉलेजात आम्ही आटे काढले ते ड्रॉइंगशीटवर. व्हिटवर्थचा कोन 55 अंश, मेट्रिकचा 60, हे मला झोपेत विचारा. पण गंजलेला एक नट हातात देऊन 'खोल' असं चार वर्षांत कुणी म्हटलं नाही. काका 36 वर्षं मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, नॅरोगेजच्या इंजिनांवर. त्यांच्याएवढं ज्याला येतं असा माणूस मला नंतर भेटेल की नाही देव जाणे. जुन्या गाडीसोबत फेटा बांधून फोटो काढायला आज वाटेल तितकी माणसं मिळतील. पण पाने असलेला एकेक म्हातारा गेला की पोरं त्याची पेटी कबाड्याला किलोने देतात, आणि मी त्याच कबाड्याच्या दारात तीन महिने विचारत फिरतो. कबाडी म्हणतो, मागच्या हप्त्यात होते. तो दरवेळी मागच्या हप्त्यातच असतो.

जाऊ द्या. तर निघताना मी काकांना सहज म्हटलं, व्हिटवर्थचा 1/4 पाना कुठे मिळेल?

"दोन सुताचा ना? आहे ना घरी."

सोऱ्या काखेत मारून काका माझ्या मागे स्कूटरवर बसले. घर महालात. आधी सोऱ्या आत गेला, मग आतून काकूंचा आवाज आला, "इतका वेळ?", मग काका मला गच्चीवर घेऊन गेले. गच्चीवर पाटावर प्लास्टिक अंथरलेलं, आणि खोलीच्या खिडकीला कूलर. नागपुरात असतो तसाच, पत्र्याचा, खसच्या ताट्यांचा, कपाटाएवढा. त्याची एक ताटी वाऱ्याने सुटायची, म्हणून तिला सुतळीने एक वजन टांगलेलं. वजन हलत होतं आणि पत्र्यावर टक टक वाजत होतं.

तो पाना होता. जवळ जाऊन पाहिलं. गंज होता, पण अक्षरं वाचता येत होती: 1/4 डब्ल्यू. तीन महिने मी ज्याच्यासाठी शहर पालथं घातलं तो कूलरचं दार धरून उभा होता.

"काका, देता का? म्हणाल ते पैसे देतो."

"देतो ना. मृगाचा पाऊस पडू द्या."

"आज जरा वापरून परत आणून दिला तर?"

"अन् तोवर ताटी कोण धरन? तुम्ही?" मग थोडं विचार करून, "आले आहा तं टाकीत पाणी टाकून द्या. पंप सुका चालून राहिला."

मी 11 बादल्या पाणी भरलं. माझ्याकडचा 14 नंबरचा पाना काढून दिला, म्हटलं हा बांधा त्याच्या जागी. काकांनी तो हातात झेलून पाहिला, भाजी तोलावी तसा.

"हलका आहे. ताटी उडते यानं."

घरी आलो. पाइप लावला, उलट फिरवला. नट एका झटक्यात निघाला. मला जराही आनंद झाला नाही.

उद्या सकाळी महालात जातोय. पिशवीत आमच्या घरचा वरवंटा घेतलाय. दगडी आहे, वजन भरपूर आहे, कुठलीही ताटी उडणार नाही. घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.