ठिपको जंय, गोळी थंय? नाय, काका!

परवा दिवेलागणीला काकांचा फोन आला. काका बहात्तर वर्षांचे. देवगडजवळ सड्यावर त्यांची कलमांची बाग आहे, आणि घरात शेती संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर बंदूक, आजोबांच्या वेळची. "मेसेज वाचलंस मां? ठिपको जंय, गोळी थंय! मी मागवलंय पण."

तो मेसेज माझ्याकडे बागायतदारांच्या तीन गटांतून आला होता आणि तिन्ही वेळा मी काही न बोलता पुढे सरकलो होतो. चूक माझीच. काकांचे साडेतीन हजार गेल्यावर आता तोंड उघडतोय.

मेसेज म्हणतो ते असं. बागेत रानडुकरं येतात, तर बंदुकीवर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम धरायचं यंत्र, लावा. लाल ठिपका डुकराच्या अंगावर पडतो आणि ठिपका तिथेच गोळी जाते, सरावाची गरज नाही. त्याच्यामागे मॅग्निफायर, म्हणजे मोठं दाखवणारी भिंगाची नळी, लावलात की नेम तिप्पट अचूक. ऐपत असेल तर थेट १-६ ची, म्हणजे एक ते सहा पट मोठं दाखवणारी, बंदुकीवरची दुर्बीण घ्या, मग बाकी काही नको. तिच्यातून अंधारातही दिवसासारखं दिसतं, झुडपात काय हललं ते बंदूक उचलून लगेच बघता येतं. चष्मेवाल्यांना तर वरदानच. आणि सगळं वॉटरप्रूफ, कोकणच्या पावसाची चिंता नको. खाली हात जोडल्याचं चित्र.

क्रमाने जात नाही. आधी ते वाक्य घेतो, ज्याने माणूस मरेल.

'झुडपात काय हललं ते बंदूक उचलून बघा.' दुर्बीण बंदुकीवर घट्ट बसवलेली असते, म्हणजे दुर्बीण जिकडे, नळी तिकडे. झुडपात कोण आहे ते कळायच्या आधीच तुम्ही त्याच्यावर भरलेली बंदूक रोखून बसलात. आणि आपल्याकडे झुडपात कोण असतं? काजू वेचायला गेलेली बाई. चुकलेली म्हैस शोधणारा गुराखी. पहिल्या पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन कुर्ल्या धरायला निघालेली पोरं. नाहीतर शेजारचाच बागायतदार, तोही डुकराच्या मागावर आणि त्यानेही हाच मेसेज वाचलेला. डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. एनसीसीत पॉइंट टू-टूची रायफल हातात देताना हवालदाराने पहिल्या दिवशी आमच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: ज्याच्यावर झाडायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. मेसेज लिहिणाऱ्याला तो हवालदार भेटायला हवा होता.

बरं, बघायचंच तर दिसतं तरी किती? ६ पटीवर नेलेल्या दुर्बिणीतून १०० मीटरवरचा जेमतेम सहा मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. बाजूला कोण उभं आहे ते त्या नळकांड्यात येतच नाही. अंधाराचं गणित तर शाळेतलं आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. १-६ च्या दुर्बिणीचं पुढचं भिंग बहुतेक २४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे ६ पटीवर झोत उरला ४ मिलिमीटर. देवगड बंदरात ट्रॉलरवर तांडेलाच्या गळ्यात ७×५० ची (७ पट, ५० मिलिमीटरचं भिंग) दुर्बीण असते, तिचा झोत ७ मिलिमीटरहून थोडा जास्त. तिन्हीसांजेला ती सरस ठरते, आणि मुख्य म्हणजे तिला चाप नसतो. बघायला ती घ्या. बंदूक खांद्यालाच राहू दे.

शिवाय रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. बाग तुमची, बंदूक तुमची, परवाना खिशात, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बार काढता येत नाही. मेसेजात यावर चकार शब्द नाही.

आता ठिपका. मेसेजातल्या चित्रात डुकराच्या कपाळावर लाल टिकली दाखवली आहे. ती लेझरची. रेड डॉटमधून पुढे काहीही पडत नाही. आत एक बारीक एलईडी असतो, त्याचा उजेड काचेवरून परतून फक्त तुमच्या डोळ्यात येतो, आणि ठिपका लांबवर तरंगतोय असं वाटतं. डुकराला त्याचा पत्ता नसतो, शेजारच्या माणसालाही नसतो. युक्ती जुनी आहे. हॉवर्ड ग्रब या आयरिश दुर्बीणकाराने असल्या परावर्ती नेमाचं पेटंट १९०० साली घेतलं. एमपॉइंट या स्वीडिश कंपनीने बॅटरीवरचा ठिपका १९७५ मध्ये बाजारात आणला.

आणि 'ठिपका तिथेच गोळी'? ठिपका नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसलेला असतो. ठिपक्याची रेषा सरळ जाते, गोळी खालून निघून वाकत जाते. दोघांची गाठ ठरावीक अंतरावरच पडते, आणि ते अंतर तुम्ही कागदावर गोळ्या झाडून, खिट्टी फिरवून ठरवायचं असतं. त्यालाच झिरो करणं म्हणतात. ते केलं नाही तर ठिपका नुसता दिवा आहे. काकांच्या बंदुकीला तर तो बसवायची पट्टी, रेलसुद्धा नाही. सोबत आलेला पत्र्याचा चिमटा नळीला आवळायचा आहे म्हणे. बारा बोअरच्या दोन धक्क्यांत तो कुठे सरकेल ते रवळनाथाला ठाऊक. त्यातून काका वापरतात छर्रे. ते तीस मीटरवर हातभराहून रुंद पसरतात. तिथे सुईच्या टोकाएवढा ठिपका घेऊन काय करायचंय?

मॅग्निफायरचं 'तिप्पट अचूक' मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. ठिपक्याचं माप मिनिटात देतात, मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंटीमीटर. दोन मिनिटांचा ठिपका तिथे जवळपास सहा सेंटीमीटर झाकतो. मागे तीन पटीचा मॅग्निफायर लावलात की डुक्कर तिप्पट दिसतं, आणि ठिपकाही तिप्पट! झाकलं जातं ते तेवढंच, सहा सेंटीमीटर. बंदूक तीच, काडतूस तेच, हाताची थरथर तीच, फक्त ती आता तिप्पट दिसते. लक्ष्याची कड स्पष्ट दिसते, एवढा फायदा आहे. तो कागदावर नेम धरताना मलाही झालाय. पण मॅग्निफायरला स्वतःची नेमाची खूण नसते, ठिपक्याशिवाय ती नुसती नळी. आणि डोळा तिच्यामागे नेमका धरावा लागतो, म्हणजे 'डोळा कुठेही ठेवा' ही रेड डॉटची खरी सोय तुम्ही पैसे देऊन घालवली.

मोठं दिसणं म्हणजे अचूक लागणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी फोंडाघाट चढून वर राधानगरी तालुक्यात जावं. तिथल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं, अंतिम फेरीत ४५१.४ गुण. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, बोटाच्या नखाएवढं, ५० मीटरवर. रायफलवर दुर्बीण चालत नाही, ठिपका चालत नाही, मॅग्निफायर चालत नाही. मागे बारीक भोक, पुढे रिंग, बस. दहा मीटर एअर रायफलला तर दहाचा टिंब अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तोही असाच भोकातून मारतात. यापुढे मला कोणी पटींचा हिशोब सांगू नये.

१-६ ची दुर्बीण वाईट नाही. नीट झिरो केलेल्या रायफलवर, लांबवरच्या कागदावर ती या तिघांत उजवीच, आणि तिची काचेवर कोरलेली नेमाची खूण बॅटरी संपली तरी दिसते. पण 'मग बाकी काही नको' हे खोटं. चिमट्यासकट ती सहज अर्धा किलोच्या वर जाते. डोळा काचेपासून नऊ-दहा सेंटीमीटरवर ठेवावा लागतो. बारा बोअरवर जरा पुढे झुकलात की भुवई फुटलीच. माझ्या कुडाळच्या भाच्याला ती एअर रायफलवर लावायची होती. या दुर्बिणी बहुतेक १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात, त्यामुळे दहा मीटरवरचा कागद ६ पटीवर धुकट दिसतो. वर स्प्रिंगची एअर रायफल मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, तो सगळ्या दुर्बिणींना झेपत नाही. भाच्याने ऐकलं.

'चष्मेवाल्यांना वरदान' हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. साठीनंतर नळीच्या टोकावरची माशी पुसट होते आणि मागची खाच, माशी, लक्ष्य या तिन्हींवर डोळा ठरत नाही. ठिपक्यात लक्ष्याकडेच बघायचं असतं. पण ज्याच्या नजरेत तिरकस (सिलिंड्रिकल) नंबर आहे त्याला ठिपका गोल दिसतच नाही. शनिवारी पार्सल आलं, मी गेलो होतो. काकांनी डोळा लावला आणि म्हणाले, "ठिपको खंय? ही तर रांगोळी पडली हा!" मी मोबाइलने त्याच काचेतून फोटो काढला. फोटोत ठिपका गोल. म्हणजे वस्तू ठीक होती, रांगोळी काकांच्या डोळ्यातली. त्यांनी लांबचा चष्मा चढवला तेव्हा ती बरीचशी गोळा झाली.

वॉटरप्रूफबद्दल फार बोलत नाही. वस्तूवर आयपीएक्स७ असा शिक्का असतो, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, आणि ते पाणी गोडं. खाऱ्या वाऱ्यात स्क्रू गंजतात आणि पावसाळ्यात काचेला बुरशी धरते त्याबद्दल तो शिक्का काही सांगत नाही. गावात ज्याने कॅमेरा कपाटात ठेवलाय त्याला विचारा. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट डब्यात ठेवा.

हे सगळं काकांना तासभर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, ठिपका खोक्यात भरला आणि परत पाठवायला दिला. निघताना मी विचारलं, तो मेसेज तुम्ही अजून कुणाला पाठवलात का? म्हणाले, "व्हय तर. मागयलंय त्याच दिसा. पाच जणांक."