बीसीजी, टाइप १ मधुमेह आणि डॉ. फॉस्टमन यांच्या नावावर खपवला जाणारा दावा

हार्वर्डच्या डॉ. डेनिस फॉस्टमन यांनी बीसीजी या क्षयरोगावरील लसीच्या दोन डोसांनी टाइप १ मधुमेह (शरीराची रोगप्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते तो आजार) कायमचा बरा केला, रुग्णांचे इन्सुलिन बंद झाले, हे संशोधन ‘सायन्स’ या नामांकित वैज्ञानिक नियतकालिकात छापून आले म्हणजे जगाने मान्य केले आणि तरीही औषध कंपन्यांनी ते दडपून ठेवले, तेव्हा आपल्या मुलांना ही स्वस्त लस लगेच टोचून घ्या, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्या धाकट्या बहिणीला तो पालकांच्या गटातून आला आणि अकरा वर्षांच्या मुलीचे इन्सुलिन थोडे कमी करून पाहावे का, असे तिने मला विचारले. फॉस्टमन यांचे शोधनिबंध कोणालाही वाचता येतात. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी ते उघडण्याचीही तसदी घेतलेली नाही.

सर्वांत घातक विधान इन्सुलिन बंद झाल्याचे आहे, म्हणून आधी तेच. ज्या निबंधाच्या आधारावर ही सगळी चर्चा उठली, तो २०१८ साली ‘एनपीजे व्हॅक्सिन्स’ या नियतकालिकात आला. बीसीजी घेतलेल्या प्रौढ रुग्णांची एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी साखर तिसऱ्या वर्षानंतर १० टक्क्यांहून अधिक उतरली आणि पुढेही खाली राहिली, असे त्यात नोंदवले आहे. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे, ते मी नाकारत नाही. परंतु आठ वर्षांचा पाठपुरावा झालेले बीसीजीचे रुग्ण केवळ तीन होते आणि ते सर्व इन्सुलिन घेतच होते. स्वादुपिंड पुन्हा पुरेसे इन्सुलिन स्रवू लागले, असेही हा निबंध म्हणत नाही. रोगप्रतिकार पेशी अधिक साखर वापरू लागल्याने रक्तातील साखर उतरली असावी, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे ज्या संशोधिकेच्या नावाने इन्सुलिन सोडायला सांगितले जाते, तिच्याच रुग्णांनी ते सोडलेले नव्हते. हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आणि टाइप १ मधुमेहाच्या संशोधनाला निधी देणारी जेडीआरएफ या संस्थांनी संयुक्त निवेदन काढून, उपचारांत बदल सुचवण्याइतका पुरावा यात नाही, असे स्पष्ट केले होते. टाइप १ च्या मुलाचे इन्सुलिन थांबले, तर रक्तात किटोन साचून उलट्या, धाप आणि बेशुद्धी येण्यास एखादा दिवसही पुरतो. १९२२ साली टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले, त्यापूर्वी या आजाराच्या मुलांचे मरण ठरलेलेच असे. असा मजकूर पाठवणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, तर त्यांनी गप्प बसावे.

‘सायन्स’मधला निबंध खरा आहे, पण तो २००३ सालचा आणि उंदरांवरचा आहे. प्लीहेतील पेशी टोचल्यावर मधुमेही उंदरांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नव्याने तयार होतात, असा त्याचा दावा होता. तीन वेगवेगळ्या गटांनी तो प्रयोग करून पाहिला आणि २००६ मध्ये त्याच नियतकालिकात निष्कर्ष मांडले: काही उंदरांचा मधुमेह मागे हटला, पण नव्या पेशी प्लीहेतून आल्याचा पुरावा कोणालाच मिळाला नाही. नामांकित नियतकालिकात छापून आले म्हणजे तपासणी संपली असे नसते. छापून आल्यावरच इतर प्रयोगशाळांची तपासणी सुरू होते.

दोन डोसांची गोष्ट २०१२ च्या ‘प्लॉस वन’मधील चाचणीतून उचलली आहे. त्या चाचणीत सहा प्रौढ होते आणि त्यांतील तिघांना बीसीजी दिली होती. मुलांविषयी विचारायचे, तर १९९९ मध्ये ‘डायबिटीस केअर’मध्ये प्रसिद्ध झालेली यादृच्छिक चाचणी पाहावी. नुकतेच निदान झालेल्या ९४ मुलांपैकी काहींना बीसीजी आणि काहींना साधे सलाइन टोचून दोन वर्षे लक्ष ठेवले गेले, आणि बीसीजीचा लाभ आढळला नाही. फॉस्टमन यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की ती चाचणी एकाच डोसाची होती, तर त्यांचा भर एकाहून अधिक डोसांवर आणि अनेक वर्षांच्या प्रतीक्षेवर आहे.

दडपशाहीच्या आरोपात अर्धे सत्य आहे. स्वस्त, जुन्या लसीत कंपन्यांना नफा दिसत नाही आणि फॉस्टमन यांना मोठा आधार आयाकोका फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या देणगीचा मिळाला. पण ज्या कामाचे निबंध ‘सायन्स’मध्ये येतात आणि ज्याच्या पुढील चाचणीला अमेरिकेच्या औषध नियामकाची परवानगी मिळते, त्याला दडपलेले म्हणता येत नाही.

राहिला प्रश्न लगेच टोचून घेण्याचा. भारतात बीसीजी जन्मतःच देतात. माझ्या भाचीच्या डाव्या दंडावर तिचा व्रण आहे आणि तरीही तिला टाइप १ झाला. जन्मतःचा एक डोस आणि प्रौढपणी दिलेले अनेक डोस यांचा परिणाम सारखाच असेल, असे मी म्हणत नाही. मात्र बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आहे आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांमध्ये ती स्वतःच संसर्ग घडवू शकते, त्यामुळे चाचणीबाहेर, कोणाच्याही देखरेखीशिवाय ती मुलांना पुन्हा टोचू नये. बहिणीला मी इन्सुलिनच्या मात्रेला हात लावू नकोस, आणि मात्रेबद्दल शंका असेल तर मुलीच्या डॉक्टरांनाच विचार, असे सांगितले आहे.