नॉर्वेतले डोंगर आणि आपल्याकडची बंदी

ट्रॉन्डहाइम या नॉर्वेतल्या शहरात ट्रामचा एकच मार्ग आहे. तो शहराच्या मध्यातून निघतो आणि चढ चढत लियान नावाच्या तळ्यापाशी, जंगलाच्या अगदी तोंडाशी संपतो. जगातली सर्वांत उत्तरेकडची ट्राम म्हणून तिचे कौतुक होते. मला मात्र अप्रूप वाटले ते तिच्यातल्या प्रवाशांचे. हिवाळ्यात संध्याकाळच्या फेरीला कार्यालयातून सुटलेली माणसे, शाळकरी मुले आणि सत्तरीच्या आजीबाई हातात स्की धरून उभ्या असतात. शेवटच्या थांब्यावर उतरायचे, दिव्यांनी उजळलेल्या वाटेवर तास-दीड तास स्की करायचे आणि परतीच्या ट्रामने घरी जाऊन जेवायचे, असा त्यांचा साधा क्रम असतो. डिसेंबरात तिथे सकाळी दहाच्या सुमारास उजाडते आणि दुपारी अडीचला अंधारून येते, पण त्यामुळे कोणाचे बाहेर पडणे थांबत नाही.

मी तिथल्या एनटीएनयू या विद्यापीठात जलविद्युत विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी गेले होते. कऱ्हाडकडच्या मुलीने हा विषय निवडावा यात नवल नाही. कोयनेचे धरण आणि त्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत न्यायचा आणि शेवटचा खडक पाण्याखालीच स्फोटाने उडवायचा, हे लेक टॅपिंगचे तंत्र कोयनेत 1999 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये वापरले गेले. नॉर्वेत ते कित्येक दशके रूढ आहे. त्या देशाची बहुतेक सगळी वीज पाण्यावर तयार होते आणि शहरातून वाहणाऱ्या निडेल्वा नदीच्या काठाने चालत गेले तरी वाटेत वीजकेंद्र लागते. त्यामुळे बोगदे आणि टर्बाइन यांविषयी मला जे शिकायचे होते ते वर्गात व्यवस्थित शिकायला मिळाले. या पोस्टचा विषय वर्गाबाहेर, डोंगरांत मिळालेल्या शिक्षणाचा आहे, कारण त्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते आणि बोलले गेलेच तर ते हौसेमौजेच्या फोटोंपुरते राहते.

नॉर्वेत 1957 पासून एक कायदा आहे. त्यानुसार शेती, अंगण आणि घराचा परिसर सोडून उरलेल्या मोकळ्या रानात, मग ती जमीन खासगी मालकीची असली तरी, कोणालाही पायी हिंडता येते. वस्तीपासून किमान दीडशे मीटर अंतर राखून तंबू ठोकता येतो आणि एका जागी दोन रात्री परवानगीशिवाय राहता येते. उंच डोंगरात आणि वस्तीपासून दूरच्या भागात तर ही मर्यादाही नाही. रानातली बोरवर्गीय फळे आणि अळंबी गोळा करता येतात. याच्या जोडीला बंधनेही स्पष्ट आहेत. 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर या काळात जंगलात किंवा जंगलालगत शेकोटी पेटवण्याला सर्वसाधारणपणे मनाई असते आणि कचरा मागे टाकणे हा गुन्हा ठरतो. हा हक्क परकीय विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे. घरभाड्याच्या करारापासून बँकेच्या खात्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी आपण परके असल्याची जाणीव होत असताना, रानात मात्र माझा हक्क तिथल्या माणसाइतकाच होता. या समतेचे मोल मला फार वाटले.

विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एनटीएनयूआय ही क्रीडासंघटना आहे. शहराभोवतीच्या डोंगरांत आणि जंगलांत तिच्या वीसपेक्षा जास्त लाकडी खोपट्या आहेत. संगणकावरून आरक्षण करायचे, नाममात्र पैसे भरायचे, किल्ली घ्यायची आणि नकाशा वाचत चालू लागायचे. खोपटीत वीज नसते आणि नळही नसतो. लाकडाची शेगडी, काही भांडी, झोपण्याचे फळ्यांचे मजले आणि बाहेर थोड्या अंतरावर संडास, एवढीच सोय असते. पाणी ओढ्यातून आणायचे किंवा बर्फ वितळवून करायचे. तिथे पोहोचल्यावर पहिले काम शेगडी पेटवण्याचे असते आणि निघण्यापूर्वीचे शेवटचे काम पुढच्या गटासाठी लाकडे फोडून ठेवण्याचे. कोणी तपासायला येत नाही. आपण गेलो तेव्हा सुकी लाकडे रचलेली होती, म्हणून आपणही तशीच ठेवायची, इतक्यावर ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालली आहे. पन्नासेक पावले खोल बर्फात रुतत अंधारात संडास शोधणे हा अनुभव सोडला, तर मला या खोपट्यांत काहीच खटकले नाही.

छपरे दुरुस्त करणे, डांबर फासणे, नवी फळी बसवणे ही कामेही विद्यार्थीच करतात. अशा श्रमदानाच्या शनिवारी माझी जितक्या लोकांशी ओळख झाली तितकी वर्गातल्या सबंध सत्रात झाली नव्हती. नॉर्वेची माणसे अबोल आणि अलिप्त असतात, अशी तक्रार आपले विद्यार्थी नेहमी करतात, आणि बसच्या थांब्यावर ती खरीही वाटते. हातात करवत दिली की तीच माणसे घरच्या भांडणांपासून राजकारणापर्यंत सगळे बोलू लागतात. तिथे राहून केवळ आपल्याच लोकांच्या स्वयंपाकघरांत दोन वर्षे काढणाऱ्यांविषयी मला राग नाही, पण वाईट जरूर वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. नॉर्वेच्या डोंगरांत धोका कमी नाही. उन्हाळ्यातही अचानक बर्फ पडतो, हिवाळ्यात वाऱ्याने वाट पुसली जाते आणि तीस अंशांपेक्षा तीव्र उतारांवर हिमप्रपात होतात, म्हणजे बर्फाच्या राशी खाली कोसळतात. या धोक्याला तिथल्या समाजाने दिलेले उत्तर म्हणजे डोंगराविषयीचे नऊ नियम. 1967 च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरांत अनेक बळी गेल्यानंतर त्यांचा मोठा प्रचार झाला आणि 2016 मध्ये त्यांची नव्याने मांडणी करण्यात आली. बेत आखा आणि कुठे जाता ते कोणाला तरी सांगून जा, हवामान आणि हिमप्रपाताचा इशारा पाहा, आपल्या कुवतीचा विचार करा, वेळेत परत फिरा कारण परत फिरण्यात लाज नाही, असे ते साधे नियम आहेत. सहलीला हमखास नेल्या जाणाऱ्या क्विक लुन्श या चॉकलेटच्या वेष्टनावरही ते छापलेले असतात, त्यामुळे ते पाठ नसलेला माणूस मला तिथे भेटला नाही. हिमप्रपाताचा रोजचा अंदाज एक ते पाच अशा श्रेणीत प्रसिद्ध होतो आणि तो देणारे खाते जलसंपत्ती आणि ऊर्जेचे आहे. म्हणजे आम्ही वर्गात ज्याच्या परवान्यांची प्रकरणे अभ्यासत होतो तेच.

एकदा ट्रोलहाइमेनच्या डोंगरांत आमचा गट शिखराच्या दृष्टिक्षेपात असताना वारा वाढला. पुढे असलेल्या मुलीने घड्याळ पाहिले, ढगांकडे पाहिले आणि परत फिरण्याचे सांगितले. कोणी हुज्जत घातली नाही, कोणी हिरमुसले नाही, आणि खाली आल्यावर कोणी त्या निर्णयाची चर्चासुद्धा केली नाही. सह्याद्रीत मी ज्या गटांबरोबर हिंडले त्यांत असा निर्णय घेणाऱ्याला पुढची दोन वर्षे टोमणे ऐकावे लागले असते.

आपल्याकडे पावसाळा आला की जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम येतात. जून 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या अनेक धबधब्यांवर, घाटांत आणि धरणांच्या परिसरात निर्बंध लागू झाले. प्रशासनाची अडचण मला समजते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या जवळपास तेवढेच आहे, पण तिथे साधारण 55 लाख माणसे राहतात आणि आपल्याकडे 2011 च्या जनगणनेतच 11 कोटींहून अधिक होती. एका रविवारी एका धबधब्यावर जमणाऱ्या गर्दीला चॉकलेटच्या वेष्टनावरचे नियम पुरणार नाहीत, हे उघड आहे. तरीही बंदीने माणूस काही शिकत नाही, हे माझे मत ठाम आहे. बंदी उठल्यावर तोच माणूस त्याच निसरड्या कातळावर, तितक्याच अज्ञानाने उभा राहतो. नॉर्वेतही समाजमाध्यमांवरच्या फोटोंमुळे ट्रोलटुंगा या दरीवर पुढे आलेल्या कातळावर अफाट गर्दी होऊ लागली आणि चपला घालून आलेल्या पर्यटकांना सोडवून आणण्याची वेळ आली. त्यांनी वाट बंद केली नाही. वाट दुरुस्त केली, खुणा वाढवल्या आणि हंगामात वाटेवर पहारेकरी नेमले, जे अपुऱ्या तयारीने आलेल्यांना समजावून परत पाठवतात.

आपल्याकडे माणसे नाहीत असेही नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दरीत उतरून लोकांना बाहेर काढतात. तिकडे हेच काम रेड क्रॉसचे स्वयंसेवक करतात आणि सुटका झालेल्या माणसाला बिल पाठवले जात नाही, मात्र त्यांच्यामागे सरकारी यंत्रणा, प्रशिक्षण आणि हेलिकॉप्टर उभे असते. शाळेत चौथी-पाचवीपासून नकाशा वाचायला, हवामान पाहायला आणि परत फिरायला शिकवले, तर हे स्वयंसेवक थोडे निवांत झोपू शकतील. आपल्या गिर्यारोहण संस्था हे शिकवायला आनंदाने तयार होतील, अशी माझी खात्री आहे. कोणी त्यांना विचारत नाही, एवढेच.

नॉर्वेचे सगळे गुणगान करावे, असेही नाही. ट्रॉन्डहाइमसमोरच्या खाडीपलीकडे फोसेन हा प्रदेश आहे. तिथल्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि रेनडिअर पाळणाऱ्या सामी या तिथल्या आदिवासी लोकांची हिवाळी कुरणे गेली. त्यांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला असून परवाने अवैध आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये एकमताने दिला. चक्क्या मात्र फिरत राहिल्या आणि 2023 मध्ये सामी तरुणांना ऑस्लोत मंत्रालयांची दारे अडवावी लागली. ज्या डोंगरांवर मला मुक्तपणे हिंडण्याचा हक्क होता, त्याच डोंगरांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क असा बाजूला सारला गेला. कोयनेच्या विस्थापितांची गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात अनोळखी काहीच वाटणार नाही.

दुसरी खंत अधिक व्यावहारिक आहे. नॉर्वेची सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांनाही मोफत शिकवत असत. 2023 च्या शरद सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू झाले आणि तेव्हा ते वर्षाला लाख क्रोनरच्या (नॉर्वेच्या चलनात) बरेच पुढे गेले. राहण्याचा खर्च वेगळा. माझ्यासारख्या घरातली मुलगी आज तिथे जाऊ शकणार नाही. मोफत शिक्षणामुळे जगभरातली मुले त्या खोपट्यांत एकत्र येत होती, ती आता झपाट्याने कमी होतील आणि यात नुकसान नॉर्वेचेही आहे.

तरीही शिष्यवृत्तीवर किंवा विनिमय योजनेतून जे जाणार आहेत त्यांनी येथून महागडी जाकिटे विकत घेऊन नेऊ नयेत. तिथे वापरलेले सामान स्वस्तात मिळते आणि स्की, बर्फातले बूट, तंबू असे साहित्य मोफत उसने देणारी बुआ नावाची केंद्रे गावोगावी आहेत. लोकरीचे आतले कपडे मात्र स्वतःचे हवेत. सुती कपडा घामाने ओला झाला की थंडीत जिवावर बेततो. चालण्याचे बूट इथेच दोन-चार गडांवर वापरून पायाला बसवून न्यावेत. सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते आणि डोंगरांतल्या वाटा सप्टेंबरअखेरपर्यंत बहुधा मोकळ्या असतात, तेव्हा खोपटीचे पहिले आरक्षण अभ्यासाचे वेळापत्रक हाती पडले की त्याच आठवड्यात करून टाकावे.