‘राज्यघटना इंग्रजांनी दिली’ म्हणे!

“गोरे येण्याआधी आफ्रिकेत राजकीय विचारच नव्हता. टोळीप्रमुख म्हणेल तो कायदा. राज्यघटना इंग्रजांनी दिली. ते गेले आणि हुकूमशहा आले.” घरच्या ग्रुपवर हा मजकूर तिसऱ्यांदा आलाय, आणि या वेळी खाली चांगल्या शिकलेल्यांचे अंगठे. म्हणून हे उत्तर.

आधी घटनेचं घेऊ, कारण तिथे थापेची कमाल आहे. १८६८ मध्ये आजच्या घानाच्या किनाऱ्यावर इंग्रज आणि डचांनी आपापसांत किल्ल्यांची अदलाबदल केली. तिथल्या फांटे लोकांना कुणी विचारलंही नाही. कोमेंडा गावाने डच झेंडा नाकारला, तर डचांनी तोफा डागल्या. शिवाय डचांचं सख्य फांट्यांचे जुने वैरी असांटे यांच्याशी. मग फांटे राजे आणि शिकलेली मंडळी मानकेसिमला जमली आणि नोव्हेंबर १८७१ मध्ये ४७ कलमांची घटना तयार झाली. राजांमधूनच निवडलेला ‘राजा-अध्यक्ष’. प्रतिनिधी सभेत प्रत्येक राजाचे दोघे: एक शिकलेला, दुसरा गावचा मुखिया. मुलींसाठीही शाळा. रस्ते १५ फूट रुंद, दोन्ही बाजूंना खोल गटारं, हेसुद्धा कलमात! आपली पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती.

इंग्रजांनी काय केलं? डिसेंबरात या सरकारचे मंत्रीच पकडले. १८७४ मध्ये तिथे रीतसर वसाहत.

मसुदा लिहिणारे मिशनरी शाळांत शिकलेले होते, सभेचा साचा युरोपी होता. बरं, एवढं मान्य.

‘टोळीप्रमुख म्हणेल तो कायदा’? आजच्या नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या ओयो राज्यात सात सरदारांचं मंडळ होतं, ओयो मेसी. राजा डोईजड झाला की त्याला रिकामं भोपळ्याचं पात्र किंवा पोपटाची अंडी पाठवायची. अर्थ एकच: आता जीव द्या. पद्धत निर्दोष नव्हतीच. अठराव्या शतकात मंडळाचा प्रमुख गाहा याने याच अधिकाराने राजे संपवले आणि सत्ता स्वतःकडे ठेवली. १७७४ मध्ये राजा अबिओदुनने त्याला खाली खेचलं. इथिओपियातल्या ओरोमोंच्या ‘गडा’ पद्धतीत तर आठ वर्षांनी सत्ता सोडावीच लागे. स्त्रिया बाहेरच, पण मुदत ठरलेली.

राहिले हुकूमशहा. स्वतंत्र घानाचे पहिले नेते एन्क्रुमा यांनी १९५८ मध्ये विनाखटला स्थानबद्धतेचा कायदा आणला, १९६४ मध्ये एकपक्षीय राज्य. खरंय. पण ही युक्ती नवी नव्हती. असांटेंचा राजा प्रेम्पे पहिला याला इंग्रजांनी १८९६ मध्ये असाच विनाखटला उचलला, पुढे सेशेल्सला ठेवला आणि थेट १९२४ मध्ये परत येऊ दिला.