जमीन आहे, पण शेतात जायची सोय नाही

‘नायजेरियात सुपीक जमीन भरपूर आहे, लोकांनाच राबायला नको. त्यात लोकसंख्या अफाट. दहशतवाद हे नुसतं निमित्त; बाहेरून धान्य आणलं की प्रश्न मिटला,’ अशा आशयाचा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि मेलेल्या शेतकऱ्यांवर अन्याय करणारा आहे.

राबायला नको? 28 नोव्हेंबर 2020 रोजी ईशान्येकडच्या बोर्नो राज्यात झाबरमारी गावाजवळ भातकापणी करणाऱ्या मजुरांना बांधून दहशतवाद्यांनी त्यांचे गळे चिरले. सुरुवातीलाच 43 मृतदेह सापडले. मारल्या गेलेल्यांत सोकोटोहून, जवळपास हजार किलोमीटरवरून, मजुरीसाठी आलेलेही होते. ऊसतोडीला गाव सोडून जाणाऱ्यांना आपण आळशी म्हणतो का?

जमीन भरपूर आहे, पण नकाशावर. बोर्नोत लष्कराच्या पहाऱ्यातल्या गावांभोवती ठरावीक अंतरापलीकडे पेरायला जाणं म्हणजे जिवाशी गाठ. रस्त्यालगत नि छावणीलगत उंच पिकांना मनाई, कारण त्यांत बंदूकधारी लपतात. उंच पिकं म्हणजे मका, ज्वारी, बाजरी; तिथल्या घराघरातलं रोजचं अन्न. पोटऱ्यात आलेल्या ज्वारीत माणूस दिसत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. युरियावरही निर्बंध, कारण त्यापासून स्फोटकं बनतात. म्हणजे बंदूकवाल्यांची भीती आहेच, आणि त्यांना रोखण्यासाठी घातलेली बंधनंही पुन्हा शेतकऱ्याच्याच ताटातून वजा होतात. वायव्येला झाम्फारा राज्यात सशस्त्र टोळ्या शेतात पाऊल टाकू देण्यासाठी पैसे घेतात, कापणीच्या वेळी पुन्हा मागतात. नाही दिले तर माणूस उचलून नेतात.

लोकसंख्या मोठी आहे, खरं. महागाईही आहे: मे 2023 मध्ये इंधनाचं अनुदान काढलं, नायरा हे तिथलं चलन घसरलं आणि जून 2024 मध्ये अन्नधान्याची महागाई 40 टक्क्यांवर गेली. या कारणांनी भूक वाढली, हे मी नाकारत नाही. पण देशाचं अन्नकोठार म्हणवणाऱ्या बेन्वे राज्यातले शेतकरी हल्ल्यांमुळे वर्षानुवर्षं विस्थापितांच्या छावण्यांत राहतात, ते काही लोकसंख्या वाढली म्हणून नाही.

राहिली आयात. ज्याचं पीक गेलं, त्याची वर्षाची कमाईही गेली. कालपर्यंत धान्य विकणारा तो आज ते विकत घेणाऱ्यांच्या रांगेत आहे, रिकाम्या खिशानं. लागोसच्या बंदरात तांदूळ उतरला म्हणून त्याच्या घरी चूल कशी पेटेल?