म्हणे मोबाईल आत ठेव! का म्हणून?

पोलीस ठाण्यात तक्रार घ्यायला तासन्‌तास टाळाटाळ होते, भाषा अरे-तुरेची होते, आणि वैतागून माणसाने फोन बाहेर काढला की ठाणे अंमलदार खेकसतो, "ए, शूटिंग बंद कर! गुपिते कायद्यात आत टाकीन!" कसलं गुपित? सामान्य माणसाला नुसतं भेदरवायला १९२३ चा, हेरगिरीविरुद्ध केलेला इंग्रजांचा शासकीय गुपिते कायदा तोंडावर फेकायचा! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली वर्ध्याच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलं, की कलम २(८) मधल्या 'प्रतिबंधित ठिकाणां'त पोलीस ठाणं येतच नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०२४ मध्ये पाथर्डीच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं. दोन्ही निकाल महाराष्ट्रातले. तरी टेबलावर तीच धमकी!

आणि चीड कशाची येते? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण पोलिसांनी स्वतः करायचंय, तेही शक्यतो मोबाईलवर. म्हणजे त्यांचा मोबाईल पुरावा, आपला मोबाईल गुन्हा? सरकारने ज्यांच्या हातात काठी, बेड्या आणि कोठडीची किल्ली दिली, त्यांच्यावर नजर ठेवायचा हक्क ती सत्ता ज्यांच्यावर चालते त्यांनाच हवा. स्वातंत्र्यवादी लोक हेच घसा कोरडा करून सांगतात.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांची कथा तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिला: दरवाजा, व्हरांडा, कोठडी, अंमलदाराची खोली, सगळीकडे आवाजासह सीसीटीव्ही, रात्रीही दिसेल असा, आणि साठवण १८ महिन्यांची, तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान एक वर्षाची. कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. इथे कॅमेऱ्याची नजर आहे, असा स्थानिक भाषेतला फलकही दारात लावायचाय. त्याच फलकाखाली फोन हिसकावतात, आणि फुटेज मागितलं की "डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) बंद होता"! नेमका त्याच दिवशी?

पण चित्रीकरण करणारेही घोळ घालतात आणि हातातला पुरावा मातीत जातो. क्लिप व्हिडिओ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की ती दाबली जाते, वेळ-ठिकाणाची माहिती उडते, हॅश (फाईलचा डिजिटल ठसा) बदलते. क्लिप न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फोनचं मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फाईलची हॅश भरावी लागते. भाग 'अ' तुम्ही, भाग 'ब' तज्ज्ञ. म्हणून मूळ फाईल त्याच फोनमध्ये, काटछाट न करता, नाव न बदलता राहू द्या. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बॅकअप बहुधा फक्त वायफायवर होईल असा सेट असतो. तो मोबाईल डेटावरही चालू करा, नाहीतर फोन गेला की सगळंच गेलं. जबरदस्तीने डिलीट करायला लावलं तर बहुतेक फोनच्या ट्रॅशमध्ये क्लिप ३० दिवस राहते; तिथून परत आणा.

दोन-तीन पावलं मागे उभे राहा, अंगाला हात लावू नका, वाट अडवू नका. धक्काबुक्की झाली की सरकारी कामात अडथळा म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं (जुन्या दंड संहितेचं ३५३), आणि ते अजामीनपात्र आहे. बलात्कार पीडिता किंवा लहान मूल समोर असेल तर कॅमेरा दुसरीकडे वळवा. त्यांची ओळख उघड करणं हा खरोखरचा गुन्हा आहे. त्यात कुठलंही स्वातंत्र्य नाही.

फोन काढूनच घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. पंचनामा नसेल तर ती जप्ती नाही, दांडगाई आहे. फुटेजसाठी त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, कुठला कॅमेरा, आणि "सदर चित्रण पुसले जाऊ नये" हे वाक्य. सोबत १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर तसं वर ठळक लिहा, मग उत्तराची मुदत ३० दिवसांऐवजी ४८ तास. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. पोच द्यायला नकार दिला, तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना, आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.